डोळ्यातली मसूर : मोतीबिंदूच्या ऑपरेशनात कोणतं भिंग घ्यावं?



पूर्वी आपली मंडळी फोनवर भेटली की आधी गुडघ्यांची चौकशी व्हायची, मग साखरेची. आता पहिला प्रश्न असतो, "तुमचं डोळ्यांचं झालं का?" जर्मनीत राहणाऱ्या आपल्यातल्या बऱ्याच जणांनी सत्तरी ओलांडली आहे, तेव्हा हे व्हायचंच.

ऑपरेशनला आता कोणी फारसं घाबरत नाही. पंधरा-वीस मिनिटांचं काम, सकाळी गेलं की दुपारी घरी, हे सगळ्यांनी ऐकलेलं असतं. गडबड होते ती त्याच्या आधी. डॉक्टर तपासतात, मोतीबिंदू आहे म्हणतात, तारीख लिहून देतात आणि एक छापील कागद हातात ठेवतात. त्यावर चार-पाच भिंगांची नावं, प्रत्येकापुढे एक चौकोन आणि चौकोनापुढे युरोचा आकडा. पहिल्या ओळीत आकडा शून्य. शेवटच्या ओळीत दोन्ही डोळ्यांचे मिळून इतके, की त्यात नवरा-बायको मुंबईला जाऊन येतील. "घरी जाऊन ठरवा," असं सांगतात. घरी आल्यावर मुलगा म्हणतो, "पपा, पैशाचा विचार करू नका, सगळ्यात चांगलं घ्या." मुलाची माया खरी आहे. पण जे सगळ्यात महाग तेच सगळ्यात चांगलं, हा हिशेब इथे चालत नाही. तो का चालत नाही, हेच आम्हाला या लेखात सांगायचं आहे. बसवलेलं भिंग उरलेलं आयुष्यभर डोळ्यात राहणार, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी शब्द समजून घेऊ. मुलांनो, हे तुमच्यासाठीही आहे, कारण आजी-आजोबांबरोबर डॉक्टरकडे पुष्कळदा तुम्हीच जाता आणि जर्मन बोलणं मराठीत सांगायचं काम तुमच्याकडे येतं. मोतीबिंदूला जर्मनमध्ये 'ग्राउअर श्टार' म्हणतात. ग्राउ म्हणजे राखाडी. श्टार नावाचा पक्षी तुम्हाला ठाऊक असेल, आपल्या साळुंकीच्या कुळातला. त्याचा इथे काही संबंध नाही बरं का! हा श्टार ताठ, एकटक या अर्थाच्या जुन्या शब्दावरून आला. नजर गेलेला माणूस एकटक बघत राहतो, त्यावरून. 'ग्र्यूनर श्टार', म्हणजे हिरवा श्टार, हा मात्र वेगळाच आजार. तो आपला काचबिंदू. त्यात डोळ्याच्या मागची नस खराब होते आणि गेलेली नजर परत येत नाही. नातवाने राखाडीच्या जागी हिरवा सांगितला तर घरात रडारड व्हायची. तेव्हा रंग नीट ऐका.

दुसरा शब्द 'लिन्झे'. लिन्झे म्हणजे भिंग आणि लिन्झे म्हणजे मसूरसुद्धा! दुकानात मसुरीच्या पुड्यावर 'लिन्झन' लिहिलेलं असतं ते हेच. भिंगाचा आकार मसुरीच्या दाण्यासारखा, दोन्ही बाजूंनी फुगीर, म्हणून हे नाव पडलं. इंग्रजी लेन्स हा शब्दही लॅटिनमधल्या मसुरीवरूनच आला आहे. आपल्या प्रत्येकाच्या डोळ्यात बाहुलीच्या मागे अशी एक पारदर्शक मसूर असते, साधारण नऊ-दहा मिलीमीटर रुंद, एका अगदी पातळ पिशवीत बसवलेली. लहानपणी ती मऊ असते. जवळचं बघताना फुगते, लांबचं बघताना चपटी होते. म्हणून मुलांनो, तुम्हाला वहीतलं अक्षरही दिसतं आणि लांबून येणाऱ्या ट्रामचा नंबरही. चाळिशीच्या सुमाराला ती कडक होते, म्हणून वाचायला चष्मा लागतो. त्या चष्म्यालाच आपण 'चाळिशी' म्हणतो, नाही का? आणखी वय झालं की मसूर गढूळ होते. तोच मोतीबिंदू. डोळ्यावर पडदा आला असं आपल्याकडे म्हणतात, पण वरून काहीच येत नाही, आतली मसूरच दुधाळ होते. थेंब टाकून ती स्वच्छ होत नाही. ती काढायची आणि त्याच पिशवीत प्लास्टिकची नवी मसूर बसवायची, एवढा एकच उपाय. आणि ही नवी मसूर फुगतही नाही, चपटीही होत नाही. एकदा बसली की तशीच. सगळी निवडानिवड निघते ती यातूनच.

विमानाच्या काचेतून आलेली युक्ती

नवं भिंग बसवायची कल्पना माणसाला फार उशिरा सुचली. गढूळ मसूर सुईने बाजूला सारण्याची क्रिया आपल्याकडे सुश्रुतसंहितेत सांगितलेली आहे. युरोपातही कित्येक शतकं हेच चालायचं. मसूर डोळ्यातच राहायची, फक्त वाटेतून दूर व्हायची. लाइपझिगला सेंट थॉमस चर्चमध्ये थोर संगीतकार बाख यांची कबर आहे. १७५० च्या मार्च-एप्रिलमध्ये गावोगाव फिरणाऱ्या जॉन टेलर नावाच्या इंग्रज वैद्याने त्यांचे डोळे दोनदा केले. नजर आली नाही, तब्येत ढासळली आणि २८ जुलैला बाख गेले. पुढे शंभर वर्षांनी बर्लिनच्या आल्ब्रेख्ट फॉन ग्रेफे यांनी मसूर डोळ्याबाहेर काढण्याची रीत खूपच सुधारली. बर्लिनला शारिटे इस्पितळाच्या कोपऱ्यावर त्यांचा पुतळा आहे, गेलात तर बघा.

पण मसूर काढल्यावर तिच्या जागी काहीच नसायचं. मग नाकावर बाटलीच्या बुडासारखा जाड चष्मा यायचा. पेण, अलिबाग, रेवदंड्याकडच्या आपल्या आजोबांचे तसले चष्मे आपल्यातल्या वडीलधाऱ्यांना आठवत असतील. काचेमागे डोळे बटाट्याएवढे दिसायचे आणि चष्मा हरवला की माणूस जागेवरून हलत नसे.

मग आलं दुसरं महायुद्ध. १५ ऑगस्ट १९४० रोजी गॉर्डन क्लीव्हर या इंग्रज वैमानिकाच्या हरिकेन विमानावर गोळ्या लागल्या. बसायच्या जागेवरचं पारदर्शक प्लास्टिकचं झाकण फुटलं आणि त्याचे तुकडे त्याच्या डोळ्यांत घुसले. एक डोळा गेला. दुसऱ्या डोळ्यात मात्र ते कण वर्षानुवर्षं पडून राहिले आणि डोळ्याने त्यांच्याविरुद्ध काही तक्रार केली नाही. हे ध्यानात ठेवलं हॅरल्ड रिडली या लंडनच्या डॉक्टरांनी. पुढे एकदा ते मोतीबिंदू काढत असताना बघायला आलेल्या एका विद्यार्थ्याने विचारलं, "काढलेल्या भिंगाच्या जागी दुसरं नाही का बसवणार?" पोराने विचारलेला साधा प्रश्न! रिडलींनी त्याच जातीच्या प्लास्टिकचं भिंग करवून घेतलं आणि २९ नोव्हेंबर १९४९ रोजी सेंट थॉमस इस्पितळात एका बाईंच्या डोळ्यासाठी ते पहिल्यांदा वापरलं. भिंग डोळ्याने स्वीकारलं, पण मापाचा अंदाज साफ चुकला होता आणि बाईंना मोठा उणे नंबर राहिला. मापाची गोष्ट पुढे येणार आहे, म्हणून हे इथे सांगून ठेवतो.

बरीच वर्षं मोठमोठे डॉक्टर रिडलींना वेड्यात काढत होते. १९६७ साली न्यूयॉर्कच्या चार्ल्स केलमन यांनी अतिसूक्ष्म ध्वनिलहरींनी मसूर आतल्या आत फोडून ओढून घ्यायची रीत काढली. म्हणतात की दाताच्या डॉक्टरच्या खुर्चीत बसलेले असताना दात साफ करायचं यंत्र बघून त्यांना ते सुचलं. नंतर घडी होणारी भिंगं आली. आज जेमतेम दोन-तीन मिलीमीटरच्या छेदातून जुनी मसूर बाहेर येते, नवी घडी करून आत जाते आणि आत उघडते. टाके बहुधा लागत नाहीत.

कागदावरच्या ओळी

पहिली ओळ, शून्य युरोची. एकाच अंतरावर स्पष्ट दाखवणारं भिंग, 'मोनोफोकल'. क्रांकेनकासे, म्हणजे आपला आजारविमा, याचा खर्च देतो. फुकट आहे म्हणून ते हलकं, असं कृपा करून समजू नका. सगळा प्रकाश एकाच जागी आणत असल्यामुळे चित्र अगदी ठसठशीत येतं, आणि अंधुक उजेडात त्याच्या तोडीचं दुसरं नाही. मात्र अंतर एकच. लांबचं घेतलं तर रस्ता, टीव्ही, समोरच्याचा चेहरा चष्म्याशिवाय दिसतो, वाचायला चष्मा लागतो. तो ड्रोगेरीत काही युरोंना मिळतो.

आणि इथेच एक गोष्ट पुष्कळांना कोणी सांगत नाही. हे एक अंतर कोणतं, ते तुम्ही ठरवू शकता. काही बोललात नाहीत तर बहुतेक ठिकाणी लांबचं धरतात. पण समजा तुम्हाला आयुष्यभर उणे तीनचा नंबर आहे. रात्री चष्मा काढून, पुस्तक नाकापाशी धरून वाचायची पन्नास वर्षांची सवय आहे. सुईत दोरा चष्म्याशिवाय ओवता. अशा माणसाला लांबचं भिंग बसवलं की लांबचं लख्ख दिसतं आणि हातातलं पुस्तक दिसेनासं होतं. लोक अभिनंदन करतात आणि तो बिचारा मनातून खट्टू असतो. अशांनी आधीच सांगावं, आम्हाला जवळचं हवं, बाहेर जाताना चष्मा लावू. यासाठी एक युरोही जास्त पडत नाही.

तिसरा रस्ता म्हणजे एक डोळा लांबचा आणि दुसरा थोडा जवळचा. बऱ्याच जणांचा मेंदू हे छान जुळवून घेतो. काहींना मात्र चालताना पायरीचा अंदाज येत नाही. शक्य असेल तर आधी कॉन्टॅक्ट लेन्स लावून आठवडाभर असं राहून बघावं.

दुसरी ओळ 'टोरिक'. तुमच्या चष्म्याच्या कागदावर सिलिंडरचा नंबर असतो ना, त्याच्यासाठी. डोळ्याची पुढची काच चेंडूसारखी गोल नसून अंड्यासारखी असली की सगळंच थोडं ओढल्यासारखं दिसतं. जर्मनमध्ये याला 'हॉर्नहाउटफेरक्र्युमुंग' असा लांबलचक शब्द आहे. मुलांनो, एका दमात म्हणून दाखवा! टोरिक भिंग हा दोष आतच काढून टाकतं. आमच्या मते, सिलिंडरचा नंबर मोठा असेल तर जादा पैसे मोजण्यात सगळ्यात जास्त अर्थ इथे आहे, कारण यात घ्यायचं पुष्कळ आणि गमवायचं फारसं काही नाही. भिंग मात्र नेमक्या कोनात बसलं पाहिजे. एका अंशाने फिरलं तर सुमारे तीन टक्के गुण कमी होतो, तीस अंशांनी फिरलं तर गुण जवळजवळ उरतच नाही.

मग येते शेवटची, महाग ओळ. 'मल्टिफोकल' किंवा 'ट्रायफोकल'. लांबचं, मधलं आणि जवळचं, तिन्ही चष्म्याशिवाय. ऐकायला स्वर्ग! पण हे भिंग जादू करत नाही, येणारा प्रकाश वाटून देतं. थोडा लांबच्यासाठी, थोडा मधल्यासाठी, थोडा जवळच्यासाठी. एका भाकरीचे तीन तुकडे केले की प्रत्येकाला तुकडाच मिळतो, तसं. त्यामुळे काळं-पांढरं तितकं उठून दिसत नाही आणि रात्री दिव्यांभोवती कडी दिसतात.

मुंबईत किंवा अश्दोदला बसून हे वाचणाऱ्याला वाटेल, कडी दिसली तर दिसली, एवढं काय? पण जर्मनीतला हिवाळा डोळ्यांसमोर आणा. डिसेंबरात बर्लिनला चार वाजायच्या आत सूर्य मावळतो. रस्ता ओला, समोरून येणाऱ्या गाड्यांचे दिवे त्यावर चमकतात, आणि दुकानातून घरी परतायची वेळ तीच. ज्यांना अजून गाडी चालवायची आहे त्यांनी हा विचार पहिल्यांदा करावा. आमच्या ओळखीच्या एक आंटी आहेत. मुलांनी हौसेने त्यांना हेच भिंग बसवलं. औषधाच्या बाटलीवरचं बारीक अक्षर त्या चष्म्याशिवाय वाचतात, त्याचं त्यांना कौतुक आहे. पण शुक्रवारी संध्याकाळी मेणबत्त्या लावल्या की प्रत्येक ज्योतीभोवती कडं दिसतं. "दोन लावते आणि सहा दिसतात," असं म्हणत होत्या. वर्षभरात ते कमी झालं, पूर्ण गेलं नाही. त्याच गावातले एक अंकल मात्र तेच भिंग घेऊन इतके खूश की चष्म्याचं घर त्यांनी नातवाला पेन ठेवायला देऊन टाकलं. ते रात्री गाडी चालवत नाहीत, दिवसभर पत्ते आणि वर्तमानपत्र. भिंग एकच, दिवस वेगळे.

दोन्हींच्या मधली जात म्हणजे 'एडॉफ'. यात लांबचं आणि हाताच्या अंतरावरचं, म्हणजे स्वयंपाकाचा ओटा, कॉम्प्युटर, दुकानातल्या फळीवरच्या किमती, हे चांगलं दिसतं. कडी त्यामानाने कमी. बारीक छापलेलं वाचायला चष्मा लागू शकतो. ओट्याशी दिवसाचे चार तास उभ्या राहणाऱ्या बाईने याची चौकशी जरूर करावी.

काही डोळ्यांना मात्र महाग भिंग कोणी देऊ केलं तरी घेऊ नये. डोळ्याच्या मागच्या पडद्याचा मधला भाग, 'माकुला', झिजलेला असेल, साखरेमुळे पडदा खराब असेल किंवा काचबिंदू बराच पुढे गेला असेल, तर आधीच प्रकाश नीट पकडता येत नाही. त्यात तो वाटून घेऊन काय साधणार? अशांना साधं मोनोफोकलच बरं. आपल्या समाजात मधुमेह घरोघर आहे, म्हणून हे पुन्हा सांगतो: भिंगाच्या ओळीवर फुली मारण्याआधी मागचा पडदा तपासून घ्या आणि डॉक्टरांना सरळ विचारा, "माझा माकुला ठीक आहे ना?"

कागदावर आणखी दोन गोष्टी असतात. एक पिवळ्या रंगाचं भिंग, निळा प्रकाश अडवणारं. मागचा पडदा त्याने वाचतो असं सांगतात, पण २०१८ साली कॉक्रेन या संस्थेने सगळे अभ्यास एकत्र तपासले तेव्हा तसा ठोस पुरावा मिळाला नाही. दुसरी गोष्ट लेसरने ऑपरेशन. नाव भारी, बिलही भारी. फ्रान्समध्ये मोठी तुलना झाली, तिचे निकाल २०२० मध्ये 'लान्सेट'मध्ये आले. लेसरने केलेल्यांची नजर नेहमीच्या रीतीपेक्षा सरस ठरली नाही. या दोन्हींवर पैसे घालवायची घाई करू नये.

पैसे आणि सही

जर्मनीत पूर्वी एक चमत्कारिक नियम होता. विम्याचं साधं भिंग सोडून वेगळं मागितलं की अख्ख्या ऑपरेशनाचा खर्च आपल्या गळ्यात. १ जानेवारी २०१२ पासून कायदा बदलला. आता साध्या भिंगाचा आणि ऑपरेशनाचा खर्च क्रांकेनकासे देतो, आपण वरचा फरक भरायचा. त्यात भिंगाची जादा किंमत येते आणि त्याच्यासाठी केलेल्या जादा तपासण्याही. हा फरक एका डोळ्यामागे काहीशे युरोंपासून दोन हजार किंवा त्याहून जास्तही होतो. गावागणिक, दवाखान्यागणिक वेगळा. म्हणून एकाच ठिकाणचा आकडा ऐकून मान डोलवू नका. विमा जे देणार नाही त्याचा अंदाजे खर्च उपचाराआधी लेखी देणं डॉक्टरांवर कायद्याने बंधनकारक आहे. तो कागद मागायला लाजू नये. खासगी विमा असेल तर तुमच्या करारात काय आहे ते आधी पत्र पाठवून विचारा. कोणतंच भिंग नको, वेगळा सल्ला हवा, असं वाटलं तर 'उनआबहेंगिगे पात्सिएंटेनबेराटुंग' ही रुग्णांना सल्ला देणारी संस्था आहे, ती पैसे घेत नाही.

सहीबद्दलही दोन शब्द. २०१३ पासून रुग्णांचे हक्क जर्मनीच्या कायद्यात स्पष्ट लिहिलेले आहेत. डॉक्टरांनी तोंडी, वेळेवर आणि तुम्हाला समजेल असं सांगितलं पाहिजे. छापील कागद देऊन भागत नाही. सही केलेल्या कागदाची प्रत तुम्हाला मिळाली पाहिजे. पण मराठी दुभाषाचा खर्च सहसा विमा देत नाही, म्हणून हे काम घरातल्यांवर येतं. मुलांनो, तुम्ही हुशार आहात यात शंका नाही. तरी त्या दिवशी घरातलं कोणी मोठं माणूस बरोबर असू द्या. "भिंग चुकलं तर?" ही काळजी दहा-बारा वर्षांच्या पोराच्या डोक्यावर देणं आम्हाला बरोबर वाटत नाही.

मुलांनी करण्यासारखं दुसरं एक काम आहे आणि ते मोठ्यांपेक्षा तुम्हालाच चांगलं जमेल. एक दिवस वही घेऊन आजीच्या मागे मागे फिरा. ती सकाळपासून काय काय बघते ते लिहा आणि पट्टीने अंतर मोजा. भाजी चिरताना किती, फोन किती, टीव्ही किती, तफिल्याचं पुस्तक किती, शिवण किती, रात्री बाहेर जाते का, गाडी चालवते का. शेवटी आजीला विचारा, यातली कोणती गोष्ट चष्म्याशिवाय केलीच पाहिजे आणि कोणत्या गोष्टीला चष्मा चालेल. हे एक पान जर्मनमध्ये लिहून डॉक्टरांपुढे ठेवलं तर दहा मिनिटांच्या भेटीत अर्ध्या तासाचं काम होतं.

आता माप. कितीही भारी भिंग घ्या, माप चुकलं तर सगळं फुकट. रिडलींच्या पहिल्या बाई आठवतात ना? डोळ्याची लांबी आणि पुढच्या काचेची गोलाई मोजून भिंगाचा नंबर काढतात. पूर्वी ध्वनिलहरींनी मोजत. १९९९ साली त्साइस कंपनीचं प्रकाशाने मोजणारं यंत्र आलं, डोळ्याला स्पर्श न करता मोजणारं आणि जास्त अचूक. काही दवाखाने प्रकाशाच्या मापाचे वेगळे पैसे मागतात. लेसरवर खर्च करण्यापेक्षा हा खर्च आम्हाला कितीतरी शहाणपणाचा वाटतो. कॉन्टॅक्ट लेन्स वापरणाऱ्यांनी मापाआधी त्या किती दिवस बंद ठेवायच्या ते विचारून घ्यावं, नाहीतर माप चुकतं. आणि पुरुष मंडळींनी एक गोष्ट न लाजता सांगावी: लघवीच्या त्रासासाठी टॅमसुलोसिनची गोळी घेत असाल, किंवा पूर्वी घेत होतात, तर डोळ्याच्या डॉक्टरला कळलं पाहिजे. त्या गोळीने बाहुली ऑपरेशनाच्या वेळी ढिली पडते. आधी ठाऊक असेल तर डॉक्टर तयारी करतात. रक्त पातळ करायची गोळी आपल्या मनाने बंद करू नये.

"मुंबईला जाऊन करून येऊ का?" असंही बरेच जण विचारतात. तिकडचे डॉक्टर कमी नाहीत. जे. जे. रुग्णालयात डॉ. तात्याराव लहाने यांनी गोरगरिबांचे किती मोतीबिंदू काढले ते महाराष्ट्र जाणतो, २००८ साली त्यांना पद्मश्री मिळाली. मदुराईच्या अरविंद नेत्र रुग्णालयाच्या मंडळींनी १९९२ साली ऑरोलॅब काढून भिंगं इतकी स्वस्त केली की जगभर जाऊ लागली. प्रश्न हाताचा नाही, दिवसांचा आहे. तीन आठवड्यांच्या सुट्टीत दोन डोळे, तपासण्या, थेंब आणि एखादी अडचण आली तर तिचा उपाय, हे सगळं बसत नाही. शिवाय ठरवून भारतात केलेल्या ऑपरेशनाचा खर्च जर्मन सरकारी विमा देत नाही, आणि इथे तर साधं भिंग विम्यातच मिळतं. तिकडे दोन-तीन महिने राहणार असाल तर गोष्ट वेगळी.

कुठेही करा, भिंगाचा पास जपून ठेवा. त्यावर भिंगाचं नाव, नंबर आणि डोळा लिहिलेला असतो. पुढे कुठल्याही डॉक्टरला तो लागतो.

मोतीबिंदू 'पिकू द्या' असं आता कोणी म्हणत नाही. फार पिकलेली मसूर कडक होते आणि फोडायला त्रास देते. पण घाई करण्याचंही कारण नाही. रोजच्या कामात अडायला लागलं की करावं. आधी एक डोळा, काही दिवसांनी किंवा आठवड्यांनी दुसरा. पहिल्या डोळ्याने काय दिसतं ते बघून दुसऱ्याचा विचार बदलता येतो, ही संधी सोडू नये. बसवलेलं भिंग काढून बदलता येतं, पण ते पहिल्या ऑपरेशनापेक्षा अवघड आणि जोखमीचं. काही महिन्यांनी-वर्षांनी मागची पिशवी धुरकट झाली तर त्याला 'नाखश्टार' म्हणतात, आणि ती लेसरने काही मिनिटांत साफ होते. मात्र भिंगच पसंत नसेल आणि बदलायचा विचार असेल, तर हा लेसर करण्याआधी तसं सांगा. पिशवीला एकदा भोक पडलं की बदलणं आणखी कठीण होतं.

घरी आल्यावर डोळा चोळायचा नाही, थेंब सांगितले तितके दिवस टाकायचे, नवा चष्मा चार-सहा आठवड्यांनी. डोळा दुखायला लागला, लाल झाला किंवा दिसणं कमी होऊ लागलं, तर दुसऱ्या दिवसाची वाट न बघता त्याच दिवशी दवाखान्यात जायचं. दवाखाना बंद असेल तर ११६११७ या नंबरवर फोन करायचा.

आणि मुलांनो, दोन ऑपरेशनांच्या मधले दिवस वाया घालवू नका. आजीसमोर पांढरा कागद धरा आणि तिला आळीपाळीने एकेक डोळा झाकायला सांगा. जुन्या डोळ्याने तो कागद चहा सांडल्यासारखा पिवळट दिसेल, नव्या डोळ्याने पांढराफटक, थोडा निळसरसुद्धा. मग तिची निळी साडी काढून हाच खेळ करा आणि कोणत्या डोळ्याने साडी खरी दिसते ते तिलाच विचारा.